अर्फाचा गुरुवार

अर्फाचं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. साताऱ्यात पंपांच्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची. लग्न ठरलं तेव्हा नोकरी सुटणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. पण ऑफिसवाल्यांना घरून काम करायची मुभा मिळाली. आठवड्यातून दोन दिवस यायचं, तेही आपल्या सोयीनं. नोकरी वाचली.

सासूबाई मेहरुनबींना मात्र ते काम वाटेचना. "अर्फा, तू घरीच हायस न्हवं? जरा दूध बघ." एकदा एक चिडलेलं गिऱ्हाईक फोनवर आवाज चढवत होतं, तर मेहरुनबी धावत आल्या. "कोण वरडतंय गं माझ्या सुनंवर? दे इकडं!" पलीकडचा माणूसच हसत सुटला.

तेव्हापासून ऑफिसचे दोन दिवस अर्फाला सणासारखे वाटायचे. अशाच एका बुधवारी ती पहाटेच्या एसटीनं साताऱ्याला पोचली, तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. दारावरचे लालासाहेब माजी सैनिक. म्हणाले, "आज अख्ख्या कंपनीत तुमी एकच जवान हाय, मॅडम."

मीटिंग सुरू झाली, तीही लॅपटॉपवर. पडद्यावर तिचे वरिष्ठ भरतेशसाहेब मस्त झोपाळ्यावर बसलेले.

"साहेब, कुठून बोलताय?"

"सांगलीतून, विश्रामबागेतल्या घरून. का गं?"

"आवं, मी तिथूनच आले की! तुम्ही माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर, आणि तुम्हाला भेटायला मी साताऱ्यात!"

सगळे खदखदून हसले. अर्फाही हसली, पण मग नेटानं बोलली, "घरून काम बंद करू नका, माझी नोकरी त्यावर उभी आहे. पण यायचं तर सगळ्यांनी एकाच दिवशी येऊ. नुसत्या खुर्च्यांसाठी एवढा प्रवास कोण करील?"

वर्षापूर्वी ऑफिसात नव्यानं लागलेल्या पूजाचं बाळ लहान. तिला गुरुवारच जमत होता. तोच ठरला.

पुढच्या गुरुवारी साहेबांची गाडी अर्फासकट सांगलीच्या तिघांना घेऊन निघाली. ऑफिसात पाऊल ठेवताच अर्फा थबकली. वर्षभर पडद्यावर पाहिलेली पूजा तिच्यापेक्षा चांगली हातभर उंच होती.

"अगं, तू एवढी?"

"आणि तू एवढीशी?"

दुपारपर्यंत गप्पाच जास्त झाल्या. पण मोटर जळण्याची जी तक्रार महिनाभर मेलवर फिरत होती, ती चहा पिता पिताच मार्गी लागली.

परतताना साहेबांनी विचारलं, "दुसरा दिवस कुठला ठेवायचा?"

"मंगळवार," अर्फा म्हणाली. त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.