मावशींचं नाक

आमच्या राहू गावातल्या न्हाऊ घालणाऱ्या मावशी बाळाला पायांवर घेण्याआधी त्याची टाळू हुंगायच्या. डोळे मिटून, दोन-तीनदा. मग लंगोटही हुंगायच्या. मला शिसारी यायची. "अहो मावशी, काय हे!" म्हटलं की खेकसायच्या, "गप गं! लेकराला बोलता येत न्हाई. त्याच्या वासावरनंच कळतं." हात खरखरीत, तोंड त्याहून. शेपूची भाजी नको म्हटलं, तर ताट संपेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

माझा पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला. त्या बाळंतपणात मावशी शिरूरला लेकीकडं होत्या. पोरानं दूध सोडलं, अंग आखडलं, मग गळाठलं, आणि संपलंच. त्याच्या दुपट्याला काकवीचा गोड वास यायचा, पण आमचं घरच गुऱ्हाळाला लागून. उशीला, केसांना, सगळ्यालाच तो वास. कुणाला काय वाटणार? सासूबाईंनी माझा पायगुण काढला.

दोन वर्षांनी मुलगी झाली. पाचव्या दिवशी तिनं दूध ओढणं सोडलं. सहाव्या दिवशी मावशींनी तिला पायांवर घेतलं आणि पोर मागच्या मागं कमानीसारखी ताठली. पाय सायकल मारल्यासारखे चालायला लागले. मग एकाएकी सगळं अंग लुळं. हे मी एकदा पाहिलं होतं.

मावशींनी टाळू हुंगली. लंगोट हुंगला. पुन्हा हुंगला.

"गुऱ्हाळ कवापास्नं बंद हाय?"

"पंधरा दिवस झाले, कढईचं काम निघालंय," माझे यजमान म्हणाले.

"मग ह्यो काकवीचा वास कुठनं येतोय?"

सासूबाई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. मावशी कडाडल्या, "ऱ्हाऊ द्या ते! गाडी काढा!" ओला लंगोट त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली.

पुण्याच्या रस्त्यावर यवत कधी मागं पडलं कळलं नाही. मी पोरीची छाती हलतेय का तेवढंच बघत होते. दवाखान्यात डॉक्टरीणबाई तपासायला वाकल्या, तोच मावशींनी पिशवी सोडून त्यांच्या नाकाखाली धरली. "बाई, आधी ह्यो वास घ्या." बाईंचा चेहराच बदलला. त्यांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं.

दुधातल्या प्रथिनांमधले काही घटक पोरीच्या शरीराला मोडता येत नव्हते. ते साठून मेंदूवर चढत होते, आणि घामाला, लघवीला त्यांचाच काकवीसारखा वास येत होता. दोष आम्हां दोघांच्याही रक्तातून आलेला. त्यानंतर सासूबाईंनी पायगुणाचं नाव काढलं नाही.

पोर वाचली. आता सहा वर्षांची आहे. चालली उशिरा, बोलताना अडखळते. वेगळ्या पावडरीचं दूध आणि मोजके घास. साधा ताप आला तरी ते विष पुन्हा चढू शकतं, म्हणून मावशी रोज सकाळी येऊन तिची टाळू हुंगायच्या.

गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. मावशी बराच वेळ हुंगत राहिल्या आणि त्यांचं तोंड उतरलं. "मला काय कळंना गं. दोन महिनं झालं, नाकच गेलंय माझं. तुला सांगायचं भ्या वाटत हुतं." मग माझी मान धरून मला पोरीवर वाकवलं. "तू हुंग. तुझी शिसारी घाल चुलीत."

घाम, खोबरेल. आणि त्याखाली, अगदी पुसट, काकवी. पावसामुळं गुऱ्हाळ बंद होतं.

"गाडी काढा!" मी ओरडले. वेळेत पोहोचलो. चौथ्या दिवशी पोर घरी आली.

मावशी संक्रांतीनंतर गेल्या. त्यांना शेवटची आंघोळ घालायला बायकांमध्ये मीही होते. तांब्या हातात घेतला, आणि पाणी घालायच्या आधी वाकून त्यांची टाळू हुंगली. बायका बघत राहिल्या. बघू देत.