उल्कानं लावलेला पडदा

उल्का नगरकर पुण्याच्या कॅम्पात एका गोवेकर सरांकडे पाश्चात्त्य व्हायोलिन शिकली. लग्न होऊन अमेरिकेत अल्फारेटाला आली आणि तिथल्या हौशी ऑर्केस्ट्रात शेवटच्या रांगेत वाजवू लागली. पण मागे बसून समाधान मानणाऱ्यांतली ती नव्हेच. २००४ साली सेकंड व्हायोलिनच्या, म्हणजे दुय्यम सुरावट वाजवणाऱ्या गटाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी झाली, तशी तिनं ऑडिशन दिली.

वाजवण्याआधी व्हायोलिन कपाळाला लावायची तिची लहानपणापासूनची सवय. तेव्हाही लावलं. परीक्षक एकमेकांकडे बघून हसले. वाजवलं तिनं झकास, आणि निकाल काय, तर म्हणे वाजवण्यात जरा इंडियन फील येतो. आता बोला! या बाईनं जन्मात कधी एक राग वाजवला नव्हता.

पार्किंगमध्ये तिला डेनिस भेटली. शाळेत संगीत शिकवणारी ही कृष्णवर्णीय बाई त्याच खुर्चीसाठी आली होती.

"मला म्हणाले, तू जॅझ ट्राय कर," डेनिस म्हणाली. "मला जॅझ येतच नाही."

उल्काचं डोकंच फिरलं. ती हात धुऊन कमिटीच्या मागे लागली. मोठ्या ऑर्केस्ट्रांत वाजवणारा परीक्षकांना दिसू नये म्हणून ऑडिशन पडद्याआड होते, मग आपल्याकडे का नको?

"आम्ही कुणाचा रंग बघत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मग पडद्यानं तुमचं काय अडतंय?"

पुढच्याच वर्षी प्रमुख झालेले गृहस्थ नोकरीसाठी रेडमंडला गेले आणि खुर्ची पुन्हा रिकामी झाली. अध्यक्षांनी उल्काला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, यंदा तूच बस, ऑडिशनची भानगड नको. खुर्ची तिला मनापासून हवी होती. घरी नवरा, राजेश, म्हणाला, "अगं, हो म्हणून टाक. आयती मिळतेय." पण ती कसली ऐकते! कमिटीला तिनं ठणकावलं, बसेन तर पडद्यामागून वाजवून बसेन.

अखेर पडदा लागला. टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष तेही कळू नये म्हणून सगळ्यांना बूट काढायला लावले. उल्का वाजवून बाहेर आली तेव्हा खूश होती. इतकं चांगलं तिनं आजवर कधी वाजवलं नव्हतं.

खुर्ची मिळाली डेनिसला.

वाईट वाटलं, खूप वाटलं. गाडीत बसून ती ढसाढसा रडली. राजेशनं रुमाल पुढे केला. डोळे पुसून ती म्हणाली, "ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते रे. आणि हे त्यांना ऐकूनच कळलं."

दुसरा नंबर उल्काचा होता, म्हणून पुढच्या तालमीपासून ती डेनिसच्या शेजारी बसली. स्वरलिपीची पानं उलटायचं काम शेजारच्याकडे असतं, तेही तिच्याकडे आलं.

मध्यंतरात डेनिस म्हणाली, "फर्स्ट व्हायोलिनमध्ये एक जागा निघतेय. प्रमुख म्हणून आता मीही परीक्षक आहे. देशील ना ऑडिशन?"

"देणार तर," उल्का म्हणाली. "पण पडदा लावूनच. आता आपली मैत्री झालीय."