हा बघेल

माझी चार महिन्यांची पोरगी डोळेच उघडेना, ओठ निळे पडले, आणि समोर म्हातारे डॉक्टर हात पाठीमागे बांधून नुसते उभे! मुलुंडच्या फुकट दवाखान्यातली ही गोष्ट. त्यांचं नाव मला कधी कळलंच नाही. मी ओरडले, "अहो, बघा ना हिला!" तर म्हणाले, "हा बघेल." हा म्हणजे शिकाऊ डॉक्टर, मिसरूडही नीट फुटलेलं नाही.

त्याने दरडावलं, "काय दिलंत हिला?"

"काही नाही." मागे सासूबाई होत्या ना! धुणं उरकेपर्यंत झोपावी म्हणून मीच बाळगोळी दिलेली, एकीच्या जागी दोन. अफू असते हो त्यात.

म्हातारे म्हणाले, "आधी खाली बस रे. उभ्या माणसाला आई खरं सांगत नाही. आजी, तुम्ही जरा बाहेर थांबा."

तो फरशीवर बसला. हळूच म्हणाला, "ताई, मीपण बाळगोळी खाऊनच वाढलो." मी घडाघडा सगळं सांगितलं. मग तो तिच्या तोंडाला तोंड लावून फुंकायला लागला. म्हातारे तसेच! मी त्यांचे पाय धरले, "तुम्ही करा हो!"

"पुढल्या महिन्यात हा डहाणूकडे पाड्यावर एकटा असेल, बाई. तिथे मी नसणार."

पोरगी रडली, जगली. पण पाड्यावरच्या पोरांसाठी तो माझ्या पोरीवर शिकत होता, आणि तेव्हा मला तिला उचलून पळावंसं वाटत होतं. तुम्ही थांबला असतात का?