आगीसाठी राखलेले पाणी

“साहेब, उद्या गिराण हाय. बाया म्हणून राहिल्या, टाकीतलं समदं पाणी सोडून द्या.”

सरपंच कमलताईंचा हा फोन आला, तेव्हा मी हिंगोलीच्या कार्यालयात त्याच टाकीच्या इन्स्पेक्शनची तयारी करीत बसलो होतो. इन्स्पेक्शन परवा सकाळी होते. टाकी भरलेली दाखवायची होती. ती भरता भरता फाल्गुनातली विहीर दमून गेली होती.

“ग्रहणासाठी सगळे पाणी?” मी विचारले.

“समदं. आत्याबाई ऐकत न्हाईत. तुमी येऊन जा बरं एकदा.”

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, गयाबाई. गावात सरपंचाचा शब्द चालत असे आणि सरपंचाच्या घरात गयाबाईंचा.

मी त्या वेळी ग्रामीण पाणीपुरवठ्याचा उपअभियंता होतो. आता निवृत्त आहे. गाव जवळा बाजारच्या पलीकडचे. नाव सांगत नाही. चहूकडे कापूस. गावाच्या मध्यावर रशीदभाईंचे आवार. ते पिढीजात कापसाचे व्यापारी. एका हंगामात त्यांच्या आवारातल्या गंजीला आग लागली होती. अग्निशमनाची गाडी पोचेपर्यंत गंजीची राख झाली होती आणि शेजारच्या घराचा ओटा काळा पडला होता. त्यानंतर गावाने आगीपासून संरक्षणासाठी फंड मागितला. सुदैवाने त्याच सुमारास गावाची नळयोजनाही मंजूर झाली.

येथे वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. सरकारी पैशाला कप्पे असतात. त्यांना आम्ही ‘हेड’ म्हणतो. पिण्याच्या पाण्याचा पैसा एका हेडमध्ये, सार्वजनिक सुरक्षेचा दुसऱ्यात. एकाचा पैसा दुसऱ्यावर खर्चता येत नाही. नियमाने चाललो असतो तर गावात दोन बुटक्या टाक्या उभ्या राहिल्या असत्या. एक तहानेला अपुरी, दुसरी आगीला अपुरी. आणि दोन्ही भरणारी विहीर एकच.

म्हणून दोन्ही हेड एकत्र करून एकच उंच टाकी बांधण्याची परवानगी आम्ही मागितली. ती मिळवताना माझे उरलेसुरले केस पांढरे झाले. टाकीची रचना मात्र सोपी होती. एखाद्या रांजणाला दोन तोट्या लावाव्यात, एक तळाशी आणि एक मध्यावर, तशी. मध्यावरच्या तोटीतून गावाच्या नळांना पाणी जाते. नळ कितीही वाहिले तरी मध्याखालचे पाणी हलत नाही. ते आगीसाठी राखीव. तळाच्या तोटीची पाइपलाइन थेट रशीदभाईंच्या आवाराजवळ जाते. तेथे एक मोठा व्हॉल्व्ह आणि होज पाइप.

परवानगीबरोबर एक अट आली. राखीव पाणी सदैव भरलेले असले पाहिजे. बाहेरच्या संस्थेचा अभियंता येऊन पाहील, मगच फंडाचा शेवटचा हप्ता सुटेल. मार्चअखेर तो उचलला नाही, तर परत जाईल. त्या हप्त्यातून खालच्या वस्तीची पाइपलाइन व्हायची होती. कमलताई खालच्या वस्तीतल्याच. सबंध गावाला नळ देणाऱ्या सरपंचांच्या स्वतःच्या गल्लीत नळ नव्हता. त्या अजून डोक्यावर घागर घेऊन वर येत. कोणी चिडवले तर म्हणत, “आदी गावाचं होऊ द्या, मग माझं बघू.” मला त्या बाईंविषयी फार आदर होता.

मी कार्यकारी अभियंत्यांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब वयाने माझ्याहून लहान. माझ्या घरी वेदपाठाची परंपरा म्हणून मला ‘शास्त्रीबुवा’ म्हणत.

“ग्रहणासाठी टाकी रिकामी?” ते खुर्चीतून उठले. “शास्त्रीबुवा, हे तुमच्या खात्यातलं काम आहे. माझ्या नाही. समजवा त्यांना.”

“साहेब, मीसुद्धा ग्रहणानंतर घरातले पाणी बदलतो.”

“मग तर संपलंच!” ते पुन्हा खाली बसले. “मला परवा सकाळी टाकी भरलेली हवी. कशी, ते तुम्ही आणि तुमचा राहू बघा.”

दुपारी गावात पोचलो. टाकीच्या सावलीत दहा-बारा बाया बसल्या होत्या. मधोमध गयाबाई. एका बाजूला मोटारसायकलला टेकून रशीदभाई उभे होते. टाकी रिकामी होणार हे ऐकून त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

“मावशी,” मी गयाबाईंना म्हणालो, “ग्रहण मीही पाळतो. पण घरातला हंडा ओतणे निराळे. एवढी टाकी या दिवसांत पुन्हा कशी भरायची?”

“हंडा काय अन् टाकी काय, पाणी ते पाणीच,” गयाबाई म्हणाल्या. “गावात दोन पोरी पोटुशा हायेत, त्यातली एक माही नात. त्यायला गिराणातलं पाणी पाजू का मी?”

“ज्या पाण्याला आपण देवता म्हणतो, ते गटारीत सोडायचे का?”

“गटारीत काहून? ढोरायला पाजू, झाडायला घालू. आमाला काय अक्कल न्हाई व्हय?”

बाया हसल्या.

मग रशीदभाई पुढे आले. “चाची, एक बात सांगा. उद्या गिराण सुटलं की लगेच होळी पेटवणार तुमी. माझ्या आवारात कापूस पडलाय. वरून टाकी खाली. पुन्हा गंजी जळाली तर?”

“तुझा कापूस माह्या नातीपेक्षा मोठा हाय का रे?”

“न्हाई चाची. पण नातीचं घर माझ्या आवाराला लागूनच हाय.”

काळा पडलेला ओटा त्याच घराचा होता.

कमलताईंनी मला बाजूला नेले. “साहेब, सरळ न्हाई म्हणू नका. न्हाई म्हणलात तर बाया उद्या स्वतः टाकीखालचा व्हॉल्व्ह फिरवतील. मग वरचं बी गेलं अन् खालचं बी.” त्यांचा आवाज खाली आला. “अन् आमची लाइन बी गेली.”

टाकीखालचा म्हणजे वॉशआउट व्हॉल्व्ह. टाकी धुण्यासाठी तळाचे सगळे पाणी काढून टाकणारा. तो एकदा फिरला की राखीव असे काहीच उरत नाही.

मी पुन्हा बायांसमोर बसलो. “मावशी, ग्रहणात तुम्ही दुधात, लोणच्यात काय घालता?”

“दर्भ. न्हाईतर तुळस.”

“त्याला दोष लागत नाही ना?”

“न्हाई लागत.”

“मग खालच्या पाण्यात दर्भ घालू. ते आगीचे पाणी. एरवी ते कोणी पीत नाही. वरचे पिण्याचे मात्र तुमच्या मनाप्रमाणे सोडून देऊ. ग्रहण सुटल्यावर विहिरीचे ताजे पाणी वर चढवू.”

गयाबाईंनी वर टाकीकडे पाहिले. “ताजं पाणी खालच्यात मिसळलं म्हणजे?”

“म्हणून तर खाली दर्भ.”

“बराबर हाय,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाल्या, “पण दर्भ कुणी बी टाकून चालायचं न्हाई. तुमी संध्या करता ना? आंघोळ करून तुमीच चढा.”

“चाची, साहेबाचं वय बघा,” रशीदभाई म्हणाले.

“वय बघूनच सांगितलं. तरण्यायला काय कळतंय?”

वरचे पाणी त्याच संध्याकाळी सोडले. गावाचे सगळे नळ उघडे. ढोरांचे हौद भरले, लिंबांच्या आळ्यांत पाणी उभे राहिले. रशीदभाईंनी आवारापुढची मातीही भिजवून घेतली. मध्यावरच्या तोटीपाशी पाणी आपसूक थांबले. ती रचना कागदावर मीच काढली होती. तरी ते थांबलेले पाहून जिवाला बरे वाटले. मग साहेबांना फोन केला.

“अर्धी? शास्त्रीबुवा, मी भरलेली सांगितली होती.”

“राखीव पूर्ण आहे, साहेब. अट राखिवाचीच आहे. उद्या ग्रहण सुटले की पंप लावतो.”

“फाल्गुनातली विहीर तुम्हाला काय देणार आहे?”

“देईल तेवढे घेऊ.”

त्यांनी फोन ठेवला. रागावले की ते असेच ठेवत.

चंद्रग्रहणाचे वेध काही प्रहर आधी लागतात. त्या काळात अन्नपाणी घेत नाहीत. म्हणून दर्भ त्याआधीच घालणे आवश्यक होते. मी मारुतीच्या देवळात मुक्काम केला होता. पहाटे विहिरीवर स्नान केले, संध्या केली आणि टाकीच्या शिडीला हात लावला. नोकरीच्या आयुष्यात अशा शिड्या पुष्कळ चढलो. पण ओल्या धोतराने, कमरेला दर्भाची जुडी खोचून चढण्याची ती पहिलीच खेप. खाली बाया उभ्या होत्या. रशीदभाई शिडी धरून उभे होते. ती लोखंडी शिडी काँक्रीटमध्ये पक्की रोवलेली होती, पण त्यांना सांगणार कोण? वरचे झाकण उघडले. आत अंधारात पाणी शांत होते. मार्जनाचे मंत्र म्हटले. दर्भ धुऊन आणलेला होता. तो तारेने बांधून पाण्यावर टेकेल असा सोडला.

संध्याकाळी चंद्र ग्रासलेलाच उगवला. मी देवळात जप करीत बसलो. ग्रहण सुटले, लोकांनी स्नाने केली, पंप सुरू झाला आणि मारुतीपुढची होळी पेटली.

आमच्याकडे होळीला पऱ्हाटी घालतात. पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडे. ती भडकन पेटते आणि ठिणग्या दूर उडवते. शिवाय होळीचा विस्तव घरी नेण्याची रीत आहे. त्यावर आंघोळीचे पाणी तापवतात. लोक घमेल्यांत निखारे घेऊन घरोघर निघाले. त्यातलेच एक घमेले रशीदभाईंच्या आवाराच्या भिंतीजवळून गेले. वारा सुटला होता. भिजवलेल्या मातीवरून ठिणगी सहज उडाली आणि भिंतीपलीकडे कापसावर जाऊन बसली.

कापसाची आग आधी दिसत नाही. आधी वास येतो. तो रशीदभाईंना आला.

“पाणी! कमलताई, पाणी!”

मोठ्या व्हॉल्व्हची चावी कमलताईंच्या घरी होती. त्या ती घेऊन खालच्या वस्तीतून धावत आल्या. गावाचे नळ सोडणाऱ्या वॉटरमनने व्हॉल्व्ह फिरवला. होज पाइप अंगात वारे भरल्यासारखा उसळला; तो धरायला चौघे लागले. वरून दिसत होती ती ज्वाळा विझली, पण कापूस आतून धुमसतो. म्हणून गंजी दाताळ्याने फोडून पुन्हा पुन्हा पाणी मारावे लागले. विझली असे म्हणण्याचे धाडस रशीदभाईंना बऱ्याच वेळाने झाले. एका कोपऱ्यातला कापूस गेला. बाकीचा वाचला. शेजारचे घर वाचले. रशीदभाईंनी डोक्यावरची टोपी काढून तोंड पुसले आणि गयाबाईंसमोर नुसते उभे राहिले. गयाबाई म्हणाल्या, “बस रे आता. च्या घे.”

मी टाकीची लेव्हल पाहिली. राखीव पाणी बरेच खाली गेले होते.

“म्हणजे,” साहेब फोनवर सावकाश म्हणाले, “वरचंही गेलं आणि खालचंही गेलं.”

“होय, साहेब.”

“आणि सकाळी इन्स्पेक्शन.”

“होय.”

कमलताई ऐकत होत्या. व्हॉल्व्हची चावी पदरात बांधून खालच्या वस्तीकडे निघून गेल्या.

रात्रभर पंप चालला, पण विहिरीने विहिरीइतकेच दिले. सकाळी साहेबांबरोबर तपासणी करणाऱ्या मॅडम आल्या. तिशीच्या असतील. कोणाशी न बोलता सरसर शिडी चढल्या. झाकण उघडून डोकावल्या.

“काका, फायर रिझर्व्ह मार्कच्या खाली आहे.”

“होय.”

“आणि हे गवत कसलं? पिण्याच्या पाण्यात फॉरेन मॅटर म्हणून मला रिमार्क लिहावा लागेल.”

मी उत्तर देण्यापूर्वी खालून गयाबाई ओरडल्या, “काढून टाक गं माय! गिराण सुटलं. त्याचं काम झालं.”

मॅडमनी क्षणभर खाली पाहिले. मग तार ओढून दर्भ काढला, झाकण लावले आणि उतरल्या.

“रिझर्व्ह कमी का?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी कमलताईंकडे. त्या म्हणाल्या, “या, दावते.”

आवारात ओला, काळा पडलेला कापूस तसाच होता. धुराचा वास अजून होता. होज पाइप भिंतीवर वाळत टाकला होता. मॅडम सगळीकडे फिरल्या. शेजारच्या घराचा ओटा पाहिला. रशीदभाईंना दोन-तीन प्रश्न विचारले. मग व्हॉल्व्ह उघडायला सांगितला. उरलेल्या पाण्यानेही धार आवाराच्या भिंतीपलीकडे गेली.

“बंद करा,” त्या म्हणाल्या. “वाया घालवू नका.”

झाडाखाली बसून त्यांनी आपला अभिप्राय लिहिला. साहेबांनी तो दोनदा वाचला. मग माझ्या हातात दिला. ‘राखीव साठा प्रत्यक्ष आगीत वापरला. यंत्रणा कार्यक्षम. हप्ता देण्यास हरकत नाही.’

“मॅडम, चहा?” साहेबांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला होता.

“आधी तिकडे जाऊ,” त्या कमलताईंना म्हणाल्या. “ती लाइन कुठून जायची आहे ते दाखवा.”

हप्ता मार्चअखेरच्या आत आला. पाऊस लागण्यापूर्वी खालच्या वस्तीला नळ मिळाले. आपल्या दारातल्या नळाखाली पहिली घागर कमलताईंनी गयाबाईंना भरायला लावली, असे मला नंतर कळले. मी सेवेत असताना किती टाक्या इन्स्पेक्शनला दाखवल्या, त्यांची मोजदाद नाही. सगळ्या काठोकाठ भरलेल्या होत्या. रिकामी होती म्हणून पास झालेली ही एकच.

नव्या अभियंत्यांनी विचारले तर मी एवढेच सांगतो. फंडाच्या अटी नीट वाचाव्यात. डिझाइन चोख करावे. आणि इन्स्पेक्शनची तारीख देण्यापूर्वी पंचांग उघडावे.