ताईच्या घराची शाळा होते, त्याची गोष्ट

माझी ताई चष्मे बनवते. खाली दुकान, वर घर, आणि जिन्यापलीकडच्या दारात मी. तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, लांब पल्ल्याची बस चालवतात. त्यामुळे घरातल्या भानगडी त्यांना नेहमी शिळ्या होऊन कळतात. त्यांची एकुलती एक लेक टिटवी. बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून हे नाव.

ही टिटवी शाळेत गेली आणि गप्प झाली. हाताची घडी, तोंडावर बोट, असं बाईंनी शिकवलं होतं आणि पोरगी आज्ञाधारक. घरी आली तरी बोट काढेना. एका हाताने जेवायची, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. घास घालायच्या वेळी ते जरासं बाजूला सरकवायची. ताईने काही दिवस पाहिलं आणि एका सकाळी दप्तर माळ्यावर टाकलं. "मी शिकवते हिला," म्हणाली.

दुकानातच शिक्षण सुरू झालं. भिंगांवरून प्रकाश, चष्म्याच्या नंबरांवरून बेरीज-वजाबाकी. बोट हळूहळू खाली आलं. पुढे तर ती चष्म्याला आलेल्या म्हाताऱ्यांना ग्रहण कसं लागतं ते समजावून सांगायची. डोळ्यांत औषध घातलेलं असल्यामुळे बिचाऱ्यांना उठून जाता येत नसे.

अडचण आली ती परीक्षेची. शाळेचा दाखला नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. ताई शिक्षण कार्यालयात गेली, सोबत मीही. तिथले साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली.

"घरी शिकवायला कायद्यात मनाई नाही," ते म्हणाले.

"म्हणजे परवानगी आहे?"

"परवानगीही नाही."

"मग मी रोज करते ते काय?"

साहेबांनी विचार केला. "कायद्याच्या दृष्टीने तुम्ही काहीच करत नाही."

बाहेरच्या बाकावर आमच्यासारखीच आणखी काही कुटुंबं बसली होती. मान्यतेसाठी त्यांनी कोर्टात अर्ज केला होता. त्यावर खात्याने उत्तर दिलं होतं की आमच्या हद्दीत कोणतंही मूल घरी शिकत नाही, सबब मान्यतेचा प्रश्न उद्भवत नाही. ज्यांचा प्रश्न उद्भवत नव्हता ती मुलं साहेबांच्या दारातच सापशिडी खेळत होती.

कार्यालयातल्या कारकुनाला आमची दया आली. "घराला मान्यता मिळत नाही ताई, शाळेला मिळते," तो हळूच म्हणाला. "घराचीच शाळा करून टाका."

ताई एकदा पेटली की ऐकत नाही. तिने गच्चीला क्रीडांगण म्हटलं, स्वयंपाकघराला मुख्याध्यापकांचं कार्यालय. न्हाणीघर एकच होतं. त्याच्या दारावर 'मुली' आणि 'मुलगे' अशी दोन बाजूंची पाटी लावली आणि गरजेप्रमाणे उलटवायची ठरलं. ताई मुख्याध्यापिका झाली, मी शिपाई. भाऊजी फेरीवरून परतले तर दारात मी त्यांना अडवून विचारलं, "पालक का?" हातातली पिशवी खाली ठेवून ते म्हणाले, "बहुतेक."

तपासणीला साहेब स्वतः आले. फूटपट्टीने खिडक्या मोजल्या, मुख्याध्यापकांच्या कार्यालयात कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत थांबले आणि शेवटी म्हणाले, "परिपाठ बघू. मुलांना उंचीप्रमाणे उभं करा."

ताईने टिटवीला उभं केलं. साहेबांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"रांग सरळ आहे," ते म्हणाले आणि त्यांनी तसं लिहून घेतलं.

मान्यता मिळाली. आम्ही आनंदात होतो, तेवढ्यात एक मास्तर बॅग घेऊन जिना चढून आले. त्यांच्या शाळेत मुलं कमी पडल्यामुळे ते जास्तीचे ठरले होते आणि खात्याने त्यांना आमच्याकडे धाडलं होतं. आता शाळा म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? त्यांना गॅलरीत टेबल दिलं. माणूस वक्तशीर, जेवणात मीठ कमी असेल तर तसं लेखी कळवणारा.

त्यांनीच ताईच्या हातात नियमांचं पुस्तक ठेवलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं: शिक्षकाने आपल्या शाळेतील विद्यार्थ्यास घरी शिकवणी देऊ नये.

"पण ही माझी मुलगी आहे," ताई म्हणाली.

"शाळा सुटल्यावर तुमची मुलगी. पण विद्यार्थिनी चोवीस तास," मास्तर म्हणाले.

ताईने तेही पाळायचं ठरवलं. संध्याकाळी घर नुसतं सुन्न. टिटवी विचारायची, "आई, आरशात डावं-उजवं उलटतं, मग वर-खाली का नाही उलटत?" ताई पोळी लाटता लाटता म्हणायची, "उद्या विचार, शाळेत." टिटवी पाच मिनिटं थांबायची. "झाला का उद्या?" एके दिवशी ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लाटणं टाकलं, आरसा भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतला आणि सांगायला बसली. पोळी तव्यावर करपली.

मास्तर विसरलेली छत्री न्यायला परत आले होते. त्यांनी दारातून सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तक्रार केली.

चौकशी साहेबांपुढे झाली. मास्तर साक्षीदार. साहेबांनी विचारलं, "तुम्ही आपल्या मुलीला घरी शिकवता, असा आरोप आहे. मान्य आहे?"

"मान्य आहे," ताई म्हणाली. "आधीपासून शिकवते. पुढेही शिकवणार."

"असं एकदम कबूल करू नका हो," साहेब कळवळून म्हणाले. "मला लिहावं लागेल."

"लिहा."

साहेबांनी लिहिलं. मूल घरी शिकते हे निर्विवाद सिद्ध होते, सबब शाळेची मान्यता रद्द. सही, शिक्का. ताईने त्याची नक्कल मागून घेतली आणि बाहेर बाकावरच्या लोकांना वाचून दाखवली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्यांच्यातली एक नर्सबाई उठून उभी राहिली. आमच्या हद्दीत असं मूलच नाही, असं कोर्टात सांगणाऱ्या खात्याने असं मूल सापडल्याचं स्वतःच्या शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं.

पुढच्या आठवड्यात तक्रारीच्या खिडकीपुढे रांग लागली; तसा शिक्क्याचा कागद प्रत्येकालाच हवा होता. शेजारी शेजाऱ्याविरुद्ध, नवरा बायकोविरुद्ध. आमच्या घरी मूल शिकतं, कृपया कारवाई व्हावी. ज्यांना कुणी मिळालं नाही त्यांनी स्वतःविरुद्धच तक्रार केली. मास्तरांची शाळा बुडाली होती, हात रिकामे होते. त्यांनी सगळ्यांना सुवाच्य अक्षरात तक्रारी लिहून दिल्या.

एवढी सिद्ध झालेली मुलं पुढ्यात आल्यावर कोर्टाने खात्याला खडसावलं. घरी शिकणाऱ्या मुलांची नोंद घ्या, त्यांना परीक्षेला बसू द्या, असा हुकूम झाला. साहेबांनी ताईला स्वतः फोन केला. आवाजात हायसं वाटल्यासारखं होतं. त्यांची सूनही नातवाला घरीच शिकवत होती आणि ते इतके दिवस जेवताना त्याच्याशी फक्त हवापाण्यावर बोलत होते.

टिटवी परीक्षेला बसली. पास झाली, गणितात जेमतेम. भाऊजी त्या दिवशी फेरीवर होते, त्यांना निकाल दोन दिवसांनी कळला. त्यांनी तिला जवळ बसवून विचारलं, "मग, काय शिकलीस?" आणि ती सांगायला लागली. भाऊजींनी बूटही काढले नव्हते. ते तसेच ऐकत बसले.