दुपारचं टेबल

दादा, मी पुण्याला निघालो तेव्हा अकोले स्टँडवर तू माझी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवत होतास आणि आबा खिडकीपाशी उभे होते. गाडी हलली तरी त्यांचं चालूच, "कुनाच्या दारात ताटकळत बसू नको. आपली जागा कर, मंग बस." मी मान हलवली.

जागा केली, असं मी तुम्हाला कळवलं. "पेठेत स्वतःचं ऑफिस घेतलंय," हे माझं पत्र तू वाडीभर वाचून दाखवलंस. आज खरं सांगतो. ऑफिस कसलं डोंबलाचं! दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत सहा टेबलं, आणि एकेक टेबल तासांवर भाड्यानं. सकाळी दहा ते एक गिऱ्हाइकांची वेळ, म्हणून पूर्ण दर. एक ते चार पुणं झोपतं, म्हणून अर्धा. संध्याकाळी परत पूर्ण. महिन्याचं एकदम घेतलं तर सूट, फोनवरचे निरोप लिहून ठेवायचे तर वेगळे. मी घरांचे नकाशे काढायचो आणि मला परवडायची फक्त दुपार. एकला सकाळच्या विमा एजंटाची पाटी काढून आपली लावायची, चारला आपली पिशवीत टाकायची.

त्या मार्गशीर्षात आबा न कळवता आले. बाराच्या सुमाराला मी सायकल लावतोय, तर जिन्याशी आबा, खांद्यावर नव्या तांदळाचं बोचकं. वर माझ्या खुर्चीत विमा एजंट बसलेला! म्हणालो, "आबा, आत मोठी पार्टी आलीय. एकपर्यंत इथंच बसा." त्यांना पायरीवर बसवून मी वर गेलो आणि गॅलरीत लपून उभा राहिलो. तासभर! बाप खाली, मी वर. थू माझ्या जिनगानीवर.

एकला पाटी बदलली आणि त्यांना वर आणलं. शेजारच्या टेबलांवरच्या दोघांकडे बोट करून "ही आपलीच माणसं," असंही म्हणालो. जीभ झडली नाही. आबा खुर्चीत टेकले, पाणी प्याले, नकाशा उलटासुलटा पाहिला. "ब्येस हाय," म्हणाले. मी फुशारकीनं चहा मागवला. तो पिऊन झाला तसे ते उठलेच.

"बसा की आबा. एवढी घाई काय?"

"न्हाई. ह्या स्वस्ताच्या येळात तुझं काम व्हऊ दे. आपलं खळं बी चौघांचंच हाय की. त्यात लाजायचं काय?"

त्यांना सोडायला खाली आलो तेव्हा दिसलं. ज्या पायरीवर त्यांना बसवलं होतं, तिच्यासमोरच्या भिंतीवरच मालकानं दर रंगवून ठेवले होते. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळं ठळक अक्षरांत. रोज जाता-येता माझं तिकडं लक्षही नसायचं. आबा चौथी शिकलेले, आणि वाचायला मी त्यांना अख्खा तास दिला होता.

वाडीत येऊन त्यांनी तुम्हाला काय सांगितलं, ते तूच मला शिमग्याला हसत हसत ऐकवलंस, "आबा म्हनं, पोराचं हापिस लई झ्याक हाय." माझं खोटं त्यांनी डोळे मिटेपर्यंत निभावलं. एकदा तरी शिव्या घालायला हव्या होत्या. मला बरं वाटलं असतं.

आता माझं खरंच स्वतःचं ऑफिस आहे, पाटी कायमची ठोकलेली. तरी घर म्हटलं की मला ते खळंच आठवतं. भात झोडायची पाळी चौघांपैकी कुणाचीही असो, आल्या माणसाला आधी पोतं अंथरून बसवायचं, मग कामाला हात लावायचा. आबांनी कधी परक्यालाही उभं ठेवलं नाही. आणि मी त्यांना उघड्या पायरीवर बसवलं.

यंदा झोडणीला येतोय. आपली पाळी कोणत्या दिवशी ते कळव. मला मात्र पोतं अंथरू नकोस, दादा.