केनीने घडवलेला शाफ्ट

निर्मळहून गिरीजकडे जाणारा रस्ता केळीच्या दोन वाड्यांमधून जिथे जरा अंग चोरून जातो, तिथे पास्कलचं गॅरेज आहे. पाटी नाही. चिंचेखाली पत्र्याची शेड, शेडमध्ये सिमेंटने बांधलेला एक खड्डा आणि खड्ड्यावर कायम कुठलीतरी जीप. खड्ड्यात उतरलेला पास्कल बाहेरून दिसत नाही, नुसता त्याचा आवाज येतो. त्या आवाजावरून गिऱ्हाइकाने ओळखायचं की आज थांबावं की उद्या यावं.

पास्कलला आता पंचावन्नावं लागलंय. रस्त्यावरून जाणाऱ्या जीपचा आवाज ऐकून तो न बघता सांगतो की हिच्या पुढच्या डाव्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय. ते खरं निघतं. आजूबाजूच्या गावांत याबद्दल दुमत नाही. बायको लुईझा चांगली, मुलगी मर्लिन शिकून नोकरीला लागलेली, वाडीत नारळ बऱ्यापैकी. एवढं असून पास्कल सुखी नव्हता, कारण जगात केनी होता.

दोघं एकाच गावचे. तरुणपणी वसईला एकाच मिस्त्रीच्या हाताखाली शिकले. मिस्त्री एकदा दोघांसमोर सहज बोलून गेले होते, "हात पास्कलचा, डोकं केनीचं." मिस्त्री कधीच वारले. केनी ते वाक्य विसरलाही असेल. पास्कलने मात्र ते तीस वर्षं जपून ठेवलं आणि दर वर्षी थोडं थोडं धार लावून ठेवलं. पुढे केनी लेथ मशीनवर बसला. आज वसई पूर्वेला त्याचे दोन गाळे आहेत आणि गाड्यांचे शाफ्ट बनवून घ्यायला त्याच्याकडे नाशिक-गोव्याहून लोक येतात. चर्चच्या गायनमंडळात त्याचा आवाज सगळ्यांच्या वर जातो. केस अजून काळे.

"रंगवतो," पास्कल म्हणायचा.

"नाही रंगवत," लुईझा म्हणायची. "आणि रंगवले तर तुझं काय गेलं? त्याच्या केळीला घड मोठा आला, ते पण तुला सलतं."

"खत घालतो तो."

"मग तू पण घाल. जीभ घालून केळी वाढत नाही."

विरारला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चंद्रहासची जीप पास्कलच्याच हातची. पोरगा मूळचा कोकणातला, मुंबईत विम्याच्या कचेरीत नोकरी. रविवार आला की चार मित्रांबरोबर जीप घेऊन तुंगारच्या डोंगराच्या पायथ्याशी चिखला-दगडांत घालायचा. त्याच्यासाठी पास्कलने जीप चार इंच उचलली होती. नवे पाटे, मोठी चाकं. उभी राहिली तेव्हा माजलेल्या खोंडासारखी दिसत होती. गावातली माणसं येऊन बघून गेली. केनीसुद्धा स्कूटर थांबवून बघून गेला आणि म्हणाला, "झकास केलीस, पास्कल. पण शाफ्टचं काय?"

शाफ्टचं पास्कलने केलं होतं. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लोखंडी दांडा जीप उंच केली की तोकडा पडतो. पास्कलने जुनाच शाफ्ट कापला, मध्ये पाइपचा तुकडा वेल्डिंग करून वाढवला. पूर्वी असंच करायचे. पण एका रविवारी जीपचं मागचं चाक चरात लोंबकळलं, अंतर एकदम वाढलं आणि एकात एक सरकणाऱ्या शाफ्टचा एक भाग दुसऱ्यातून निसटून खणखणत दगडांवर पडला. मित्रांनी जीप दोरीने ओढत पास्कलच्या शेडपर्यंत आणली.

आठवड्याने चंद्रहास पोत्यात गुंडाळलेली लांबट वस्तू घेऊन आला. "पास्कलकाका, केनीसरांकडून नवीन बनवून घेतला. तुम्ही फक्त बसवून द्या."

पास्कल काका, केनी सर. पास्कलने पोतं उघडलं.

दुपार झाली होती, शेडमध्ये कोणी नव्हतं. त्याने शाफ्ट बाकड्यावर ठेवला आणि त्यात खोट शोधायला बसला. जाड नळी. दोन्ही टोकांना सांध्याचे दणकट क्रॉस, वाटेल तेवढा बाक सोसतील असे. वेल्डिंगची शिवण अशी की मर्लिनच्या लग्नाचा झगा त्याच हाताकडून शिवून घ्यावा. एक भाग दुसऱ्यात दात्यांवर सरकत होता आणि हा सरकता भाग जुन्यापेक्षा दुप्पट लांब होता, म्हणजे चाक कितीही लोंबकळो, निसटणं नाही. पास्कलने त्यावरून अंगठा फिरवला. अर्धा तास फिरवला. एक तरी खोट सापडली असती तर त्याने केनीला मनातून माफ करून टाकलं असतं. खोट नव्हती.

ग्रीस भरायला त्याने दोन्ही भाग वेगळे केले. केनीने दोन्हीवर छिन्नीने एकेक बारीक रेघ मारली होती. रेघेला रेघ जुळवून भाग आत सरकवायचा, ही त्यांच्या मिस्त्रीचीच शिकवण. रेघा जुळल्या की क्रॉस धरणारे दोन्ही टोकांचे चिमटे एका सुतात येतात. एक दाता जरी हुकला तरी शाफ्ट फिरतो, गाडी चालते, पण वेग आला की सगळी गाडी थरथरायला लागते, आणि वरून बघणाऱ्याला कारण कळत नाही.

पास्कलने रेघा बघितल्या. मग एक दाता सोडून भाग आत सरकवला. वर रबराची टोपी ओढली, पट्टी आवळली. रेघा झाकल्या गेल्या.

जीप घेऊन गेल्यावर चौथ्या दिवशी चंद्रहास आला तो वैतागूनच. "काका, चाळीसच्या वर गेलं की सीटखाली मधमाशांचं पोळं ठेवल्यासारखं होतं."

"मी काय बोलू?" पास्कल हात पुसत म्हणाला. "मी बसवणारा. बनवणाऱ्याला विचार."

त्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात तो नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळला. हरेश्वर फुलवाला गेटपाशी भेटला, त्याला सांगितलं. होडीवरचा तांडेल जेसन भेटला, त्यालाही. "केनीचा शाफ्ट गुणगुणतो म्हणे. मोठी मशीनं घेतली, पण..." पुढचं वाक्य तो मुद्दाम बोलत नव्हता. घरी जाताना त्याने लुईझासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. लुईझाने गजऱ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"आज काय झालंय तुला?"

"काय व्हायचंय?"

सोमवारी सकाळी चंद्रहासची जीप आली आणि मागोमाग स्कूटरवर केनी. हातात नट-बोल्टचे पाने ठेवलेली कापडी पिशवी. "उतरू का तुझ्या खड्ड्यात?" त्याने विचारलं आणि उत्तराआधी उतरलासुद्धा.

आपला खड्डा पास्कल असा वरून कधी बघत नसे. आत दुसऱ्याचं डोकं. काळेभोर केस.

"बॅटरी जरा खाली धर रे."

पास्कलने बॅटरी धरली. केनीने पट्टी सैल केली, रबराची टोपी मागे सारली, फडक्याने ग्रीस पुसलं. दोन रेघा दिसल्या, एकमेकींपासून एक दाता दूर. केनीने दोन्ही रेघांवरून अंगठा फिरवला. मग त्याने वर बघितलं. त्या बघण्यात राग असता तर पास्कलला बरं वाटलं असतं.

केनी वर आला. "चंद्रहास, चूक माझी. रेघ मारताना छिन्नी एक दाता बाजूला लागली. याने माझ्या खुणेवर भरवसा ठेवला, याचा दोष नाही. पाच मिनिटांचं काम आहे."

चंद्रहास बघतच राहिला. "केनीसर, मानलं तुम्हाला. दुसरा कोणी असता तर काकांवर ढकलून मोकळा झाला असता."

पास्कलच्या हातातली बॅटरी अजून चालूच होती. म्हणजे आता हेही केनीचं. शाफ्ट त्याचा, आवाज त्याचा, घड त्याचे, आणि आता मनाचा मोठेपणाही त्याचाच. यापुढे दर रविवारी केनी वरच्या सुरात गाणार आणि पास्कलने खाली मान घालून त्याचे उपकार आठवायचे. मरेपर्यंत. हे काही त्याच्या पोटात मावेना.

"खोटं बोलतोय तो," पास्कल म्हणाला.

"पास्कल, गप्प बस," केनी म्हणाला.

"खूण बरोबर होती. मी एक दाता सोडून बसवला. बघून बसवला."

चंद्रहासला काही उमगेना. "पण का, काका?"

"शाफ्ट चांगला होता म्हणून."

केनीचा चेहरा लाल झाला. तीस वर्षांत पहिल्यांदा तो पास्कलवर ओरडला. "गाढवा, मी झाकत होतो ना?"

"तुला कोणी सांगितलं झाकायला? सगळं तूच करणार का? माझी चूक आहे, ती तरी माझ्याकडे राहू दे!"

पास्कल खड्ड्यात उतरला. भाग बाहेर ओढला, रेघेला रेघ जुळवली, सरकवला, टोपी ओढली, पट्टी आवळली. चंद्रहासने जीप मागे घेतली आणि निरोप न घेता निघून गेला. पास्कलने ओळखलं, हे गिऱ्हाईक गेलं, आणि बातमी संध्याकाळच्या आत लुईझापर्यंत पोचणार. केनी पिशवीत पाने भरत होता, त्याच्याकडे न बघता.

जीप केळीच्या वाड्या ओलांडून पुढच्या सरळ रस्त्याला लागली. पास्कल खड्ड्यातच उभा राहून सवयीने कान देऊन ऐकत होता. वेग वाढला. चाळीस, पन्नास, साठ. थरथर नाही, गुणगुण नाही, कुठे काही नाही. एवढा सुरेख शाफ्ट त्याने उभ्या जन्मात बसवला नव्हता, आणि पोटात पुन्हा तसंच दुखायला लागलं.